नावाचा रकाना

पोटात असेपर्यंत बाळाला मूत्रपिंडं लागत नाहीत. त्याच्या रक्तातली घाण वारेतून आईच्या रक्तात येते आणि पुढचं आईची मूत्रपिंडं निस्तरतात. दोन जिवांचं काम चाललेलं असतं आणि कुणालाच काही कमी पडत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा जानेवारी २००९ होता, संक्रांत तोंडावर आलेली होती आणि मला तेविसावा आठवडा लागला होता. बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झालेली नाहीत, असं ते म्हणाले. आत आहे तोवर ते वाढेल, हलेल, ठोके चांगले राहतील. बाहेर आल्यावर मात्र काही मिनिटं, फार तर काही तास.

समजलं नाही तर हात वर करायचा, असं मी चौथीच्या पोरांना रोज सांगते. म्हणून मीही विचारलं, जन्मल्यावर डायलिसिस नाही का करता येणार? डॉक्टरांनी कागद ओढून चित्र काढलं. बाळ जाणार होतं ते फुप्फुसांमुळे. पहिल्या काही महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी बाकीच्या ठिकाणांहून येतं. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर मात्र ते बहुतेक सगळं बाळाच्या लघवीचं असतं. तेच पाणी बाळ गिळतं, छातीत ओढतं, सोडतं, आणि त्यावर त्याची फुप्फुसं वाढतात. लघवी नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून फुप्फुसं नाहीत. इतकं सरळ. शिकागोच्या एडिथ पॉटर नावाच्या डॉक्टरबाईंनी १९४६मध्ये अशा बाळांचं वर्णन लिहून ठेवलंय, हे मी नंतर वाचलं. पाण्याविना दाबली गेल्यामुळे ही बाळं कुठल्याही देशातली, कुठल्याही आईबापांची असली तरी चेहऱ्याने एकमेकांसारखी दिसतात : चपटं नाक, खाली सरकलेले कान, डोळ्यांखाली घडी.

तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. असणारच, कारण तेव्हा पाणी होतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नाताळच्या आसपास झाली. तालुक्याच्या गावी ती तेव्हा अशीच, जमेल तेव्हा व्हायची. तिथे "पाणी कमी आहे" एवढंच कळलं. अंगावरून पाणी जातंय का, असं विचारून झालं. जात नव्हतं. मग आर्जिनिनच्या पुड्या आल्या, डाव्या कुशीवर झोपायचं आलं, आणि शहाळी आली. कऱ्हाडच्या बाजारातली शहाळी हे रोज पोत्याने आणत. मी पीत होते, आत्या सोलून देत होत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो), आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की मी समुद्र प्यायले असते तरी त्यातलं एक भांडंही तिथे पोचलं नसतं. पुण्याच्या मशिनवर रक्ताचा प्रवाह रंगीत दिसतो. मणक्यालगत खाली येणारी मोठी रक्तवाहिनी डॉक्टरांनी दाखवली. तिला दोन्ही अंगांना एकेक फाटा फुटायला हवा होता. ती सरळ खाली गेली होती.

कायदा मला माहीत होता, कारण तो आदल्याच ऑगस्टमध्ये घराघरांत वाचला गेला होता. भाईंदरच्या निकिता मेहतांच्या बाळाच्या हृदयात दोष निघाला तोवर चोविसावा आठवडा आला होता. १९७१चा कायदा गर्भपाताला विसाव्या आठवड्यापर्यंतच परवानगी देत होता; त्यापुढे फक्त आईच्या जिवाला धोका असेल तर. मेहता पतिपत्नी आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने नकार दिला आणि नंतर काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप गेला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावरून मधल्या सुट्टीत कडाक्याचं भांडण झालं होतं. मी डबा खात ऐकत होते. तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते.

"मुंबईला जायचं असेल तर जा," डॉक्टर म्हणाले, "पण निकाल तुम्हाला माहीत आहे." वकील कुठून आणायचा, पैसे कुठून, आणि तारीख लागेपर्यंत आठवडे किती पुढे गेलेले असणार. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. आम्ही स्वारगेटला येऊन एसटी पकडली.

यात मी काही निवडलं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. या गोष्टीत लोकांना दोनपैकी एक बाई हवी असते. एकीला हात जोडायचे असतात : किती मोठं मन, देवाने दिलं ते शेवटपर्यंत वागवलं. दुसरीची कीव करायची असते : बिचारी, कायद्याने तिला तीन महिने मरण पोटात घेऊन फिरायला लावलं. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी जानेवारीतच मोकळी झाले असते. आजही विचारलं तर हेच सांगेन. आणि एप्रिलपर्यंतचे ते दिवस कुणी परत मागितले तर मी देणार नाही. हे ऐकलं की समोरचा माणूस अस्वस्थ होतो, दोहोंपैकी खरं काय ते नक्की कर म्हणतो. मी काय नक्की करू? दोन्ही माझ्याच बाबतीत झालं.

पुढे, २०१७मध्ये, मुंबईच्याच मीरा पाल यांना चोविसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली; त्यांच्या बाळाची कवटी तयार झाली नव्हती. २०२१मध्ये कायदाच बदलला. वैद्यकीय मंडळाने व्यंग गंभीर आहे असं ठरवलं तर आता आठवड्यांची अट नाही. ती बातमी मी दोनदा वाचली. जिला नको तिला नको म्हणता आलं, हे चांगलंच झालं.

२००९च्या त्या दिवसांत मी शाळेत जात होते. रजा घेऊन घरी बसले असते तर भिंती खाल्ल्या असत्या. घरात आम्हा तिघांना माहीत होतं, माहेरी आईला आणि ताईला, आणि शाळेत फक्त मुख्याध्यापिकाबाईंना. बाकी सगळ्यांना एकच दिसत होतं, पोट लहान आहे. "पहिलटकरीण ना, दिसत नाही लवकर," असं बाया म्हणत. पाणी नसल्यामुळे बाळाला हलायला जागा नव्हती, पण हललं की थेट लागायचं. मध्ये काहीच नव्हतं. फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता टाच लागली की मी तिथेच हात ठेवून उभी राहायची. पोरं समजायची, बाई हातचा विसरल्या.

पुण्याला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. मुलगा आहे की मुलगी? सोनोग्राफीच्या खोलीत ती पाटी असते, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही म्हणून. डॉक्टरांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, नुसते गप्प राहिले. नंतर म्हणाले, "पाणी नसलं की चित्र धूसरच येतं, ताई." ते खरंही असेल. त्या पाटीवर माझा राग नाही. आमच्या वर्गांमधून मुली कशा कमी होत गेल्या हे हजेरीपटावर मी स्वतः पाहिलंय; असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८मध्ये, महाराष्ट्रानेच केला ते उगाच नाही. पण ज्या बाळाला मारायचा प्रश्नच उरला नव्हता, त्याच्या आईला ते कोण आहे हे कळायला काय हरकत होती, असं तेव्हा वाटलं. कायद्यात माझ्यासारखीसाठी कलम नव्हतं. परदेशातल्या अशा आया बाळाचं नाव आधीच ठेवतात, पोटाशी त्या नावाने बोलतात. मला हाक मारायला साधं तो किंवा ती नव्हतं.

ते मिळालं शाळेतच. सातवा लागला तसं बायकांनी डोहाळजेवणाचं घाटलं. मुख्याध्यापिकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी काहीतरी कारण सांगून मोडते." मी म्हटलं, करू दे. त्यांना वाटलं मी भिडेपोटी म्हणतेय. पण मला खरंच हवं होतं. हे बाळ आत होतं तोवर धडधाकट होतं, आणि डोहाळजेवण आतल्याचंच असतं. शाळा सुटल्यावर खुर्ची सजली, कुणी हिरवी साडी आणली, कुणी फुलांचे दागिने गुंफले. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावीकडची उघडली. बर्फी. सगळ्या टाळ्या वाजवून ओरडल्या आणि मुख्याध्यापिकाबाई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायला लागले. ती, म्हणून. सायकलवरून जाताना नदीचा पूल दाखवला, वर्गातल्या वांड पोरांची नावं सांगितली, पाढे म्हटले. हसू येईल, पण एकोणतीसचा पाढा माझा तेव्हा पक्का झाला.

आत्यांनी मात्र घरी काही करू दिलं नाही. बाळंतविडा नाही, दुपटं नाही, टोपडं नाही. आधी मला ते टोचलं. मग एके दिवशी त्यांच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याची एक दुपट्याएवढी घडी दिसली, चारी कडा हाताने शिवलेल्या. मी ट्रंक लावून टाकली.

प्रसूतीआधी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून काही गोष्टी ठरवून घेतल्या. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके मोजायचे नाहीत, कारण ठोके उतरले तरी बाळासाठी सिझर करायचं नाही. जगणार नाही अशा बाळासाठी पिशवीवर व्रण नको, पुढच्या खेपेला त्रास होईल. श्वासासाठी नळी घालायची नाही. मी सही केली. पुढची खेप, हे शब्द त्या खोलीत फार मोठ्याने ऐकू आले.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले आणि एप्रिलच्या मध्याला कळा सुरू झाल्या. बाळ आडवंतिडवं फिरायला जागाच नसल्याने पायांकडून होतं. पहाटे झालं. मुलगा. वाटी चुकली होती. आत्या दाराशी होत्या, सिस्टरनी बाळ पुसताना त्या पुढे झाल्या, वाकून बघितलं आणि अगदी अभिमानाने म्हणाल्या, "पायाळू हाय गं पोरगं." आमच्याकडे पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, असंही म्हणतात.

तो रडला नाही. कण्हल्यासारखा बारीक आवाज काढत राहिला, दर श्वासाला. चेहरा पॉटरबाईंनी लिहिलेलाच असणार, पण मला त्यात आमचे हे दिसले, कानाची पाळी तर सासऱ्यांची. त्याला माझ्या छातीवर ठेवलं आणि त्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलं. परदेशात अशा वेळी फोटो काढायला माणसं येतात, फुकट काढून देतात. आमच्याकडे यांचा साधा फोन होता आणि तो काढायचं कुणाला सुचलं नाही. यांनी त्याच्या मुठीत बोट दिलं. मी पाढे म्हटले नाहीत, काहीच म्हटलं नाही. आवाज ऐकत होते. उन्हं वर यायच्या आत तो आवाज थांबला.

लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत. हे, यांचे चुलते आणि माझा भाऊ गेले. जागा कोणती ते मी अजून पाहिलेली नाही, स्मशानात नदीकडच्या कोपऱ्यात आहे एवढं ठाऊक आहे. बाळाबरोबर मीठ घालतात. हे दुकानात खडे मीठ आणायला गेले तेव्हा एवढं मीठ पाहून दुकानदार म्हणाला, "लोणचं घालताय वाटतं." कैरीचे दिवस होते. हे "हो" म्हणाले. ही गोष्ट यांनी मला कित्येक वर्षांनी सांगितली, त्याही वेळी लोणच्याचीच बरणी पुसताना.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. शरीराला कुणी निरोप दिलेला नसतो. डॉक्टरांनी दूध बंद व्हायची गोळी दिली. आत्यांनी मोगरा आणला आणि ओल्या फडक्यात बांधून दिला. मला वाटलं, जुन्या बायकांचं काहीतरी. पण वेल्लोरच्या डॉक्टरांनी हे करून बघितलं होतं, १९८८मध्ये त्यावर लेखही छापलाय : मोगऱ्याच्या फुलांनी दूध खरंच आटतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९पासून दुधाची पेढी आहे, डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. दुसऱ्याची कमी दिवसांची बाळं त्या दुधावर वाढतात. जवळपास तसं काही असतं तर मी दिलं असतं. नव्हतं. उन्हाळाभर घरात मोगऱ्याचा वास होता, आणि आजही कुणी गजरा पुढे केला की मी घेते आणि शेजारणीला देते.

२०१३मध्ये पेपरात एक बातमी आली. अमेरिकेतल्या एका महिला खासदाराला, हेरेरा बॉयटलर त्यांचं नाव, मूत्रपिंडांशिवाय मुलगी झाली आणि ती जगली. गर्भारपणी पोटात सुईने पुन्हा पुन्हा सलाइनचं पाणी सोडलं होतं, म्हणून फुप्फुसं वाढली. पाणी. मिठाचं पाणी. शहाळ्यांचं ते पोतं माझ्या डोळ्यांपुढून रात्रभर हललं नाही. २०१६मध्ये त्या मुलीला तिच्या वडिलांचं मूत्रपिंड बसवलं. मी वर्षानुवर्षं तिच्या बातम्या शोधत राहिले, एखाद्या भाचीच्या शोधाव्यात तशा. त्या पहिल्या बातमीनंतर दहा वर्षांनी तिकडच्या डॉक्टरांनी अशा काही गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक बाळांची फुप्फुसं तरली होती. पण डायलिसिस सोसून घरी जाऊ शकलेली बाळं निम्म्याहून कमी होती. एवढ्याशा जिवाच्या पोटात नळी, महिनोन्‌महिने. ते वाचून मला हायसं वाटलं की वाईट, मी सांगू शकत नाही. वाचून झाल्यावर मी भाजी निवडायला घेतली, एवढं आठवतं. हा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतो, हेही तेव्हाच कुठेतरी वाचलं. म्हणजे वाटीपेक्षा पुस्तक बरोबर होतं.

पुढच्या खेपेआधी आम्हा दोघांच्या पोटाची सोनोग्राफी झाली, कारण कधीकधी आईबापांपैकी एकाला एकच मूत्रपिंड असतं आणि त्याला पत्ताच नसतो. आमची चारही जागेवर होती. मुलगी झाली. ती आता मोठी आहे, सगळं जाणते, आणि तिला तिच्या भावाविषयी मुख्य तक्रार अशी आहे की त्याचं नाव नाही.

ते खरं आहे. बाळ जिवंत जन्मलं म्हणून जन्माची नोंद झाली, गेलं म्हणून मृत्यूची. हे एकवीस दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन दोन्ही करून आले. एकाच दिवसाचे दोन दाखले. जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून तिथे "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव आहे. विम्याच्या आणि रेशनकार्डाच्या फायलीत दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पाकिटात आहेत.

शाळेत दरवर्षी जूनमध्ये पहिलीचे प्रवेश असतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी आई नाव नसलेला जन्मदाखला घेऊन येते. बारशाआधीच नोंद झालेली असते, पुन्हा कुणी फिरकलेलं नसतं. त्या घाबरलेल्या असतात. मी त्यांना समजावते : घाबरू नका, नोंदीपासून वर्षभरात नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर थोडं विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, अर्ज आणि आईबापांचे कागद लागतात. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणेन.

आमच्या बाळाच्या बाबतीत म्हणजे एप्रिल २०२४पर्यंत. आम्हा दोघांनाही तारीख माहीत होती आणि दोघंही त्याविषयी बोललो नव्हतो. त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "मुदत संपतेय. घालायचं का?" मी म्हटलं, "काय घालणार?" तर यांनी त्यांच्या वडिलांचं नाव काढलं, थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ही आमच्या घरची रीत. मी म्हटलं, "ते जुनाट नाव मी पोराला लावू देणार नाही." हे म्हणाले, "मग तू सांग." मी सांगितलं. हे म्हणाले, "हे कसलं, सिरियलमधल्यासारखं!" आत्या असत्या तर त्यांनी तिसरंच सुचवलं असतं. मुलगी ताट घेऊन उठली आणि म्हणाली, तुमचं ठरलं की मला सांगा. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. तारीख गेली. सासऱ्यांचं नाव दगडू होतं, आणि मी अजूनही म्हणते, दगडू नाही म्हणजे नाही.